लस कोणती, ते आधी विचारा



ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एमआरएनए लसींच्या २२ संशोधन प्रकल्पांचा सुमारे ५० कोटी डॉलरचा निधी थांबवला. श्वसनमार्गाच्या संसर्गावर या लसी पुरेशा उपयोगी पडत नाहीत, असं तिथले मंत्री रॉबर्ट केनेडी यांचं म्हणणं. तिथल्याच अनेक शास्त्रज्ञांनी या निर्णयाला विरोध केला. ही बातमी कोराडीत पोचली ती पर्युषणाच्या तोंडावर, आणि पोचेपर्यंत तिचं रूप पार बदललं होतं. आमच्या स्वाध्यायाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, ‘अमेरिकेने मान्य केलं, कोरोनाच्या लसीने हार्ट अटॅक येतो.’ दोन दिवसांत चौघींनी तोच पुन्हा टाकला.

या ग्रुपमध्ये एक काकू आहेत. त्यांचा मोठा मुलगा २०२४ च्या हिवाळ्यात गेला. वय सदतीस. रात्री जेवून झोपला, पहाटे उठला नाही. काकूंनी तो व्हिडिओ पाहिला आणि स्वाध्यायाला येणंच बंद केलं. मी घरी गेले तेव्हा त्या गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मीच त्याले नेलं होतं ना वं, हात धरून. तो नाही म्हणत होता.” सूनबाई आत होत्या. नातीचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस त्यांनी पुढे ढकलला होता. “आता कोणतीच सुई नको,” म्हणाल्या.

एका व्हिडिओने एका घरात दोन गोष्टी केल्या होत्या. आईला आयुष्यभराचा दोष दिला आणि लहान मुलीची लस थांबवली. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

मी काकूंना एकच विचारलं, “काकू, त्याने लस कोणती घेतली होती?” त्यांना नाव आठवेना. सूनबाईंनी मोबाइलमध्ये सर्टिफिकेट शोधलं. दोन्ही डोस कोव्हिशील्डचे, २०२१ मधले.

कोव्हिशील्ड ही एमआरएनए लस नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ही लस निराळ्या पद्धतीची आहे. तिच्यात एक निरुपद्रवी केलेला विषाणू माहिती वाहून नेतो. हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन तिसऱ्या पद्धतीची, निष्क्रिय केलेल्या कोरोना विषाणूची. आपल्यापैकी बहुतेकींना या दोनपैकीच एक मिळाली. परदेशातल्या फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए लसी आपल्या सरकारी मोहिमेत आल्याच नाहीत. आपल्या देशातली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची. तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तोपर्यंत आपले दोन्ही डोस कधीच होऊन गेले होते. म्हणजे ज्या लसीवरून अमेरिकेत वाद चालू आहे, ती काकूंच्या मुलाला दिलीच नव्हती.

मग तो वाद खोटा का? तसंही नाही. एमआरएनए म्हणजे पेशीला दिलेला एक निरोप. चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून तो शरीरात सोडतात. पेशी तो वाचते, विषाणूच्या एका काट्यासारखं प्रथिन तयार करते आणि शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. निरोपाचं काम झालं की पेशीच त्याचे तुकडे करून टाकते. आपला मूळ जनुकीय मजकूर पेशीच्या केंद्रात असतो, तिथे हा निरोप जात नाही. ही लस शक्य करणाऱ्या संशोधनासाठी कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं.

पण याच लसींनंतर काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली, हेही नोंदलेलं सत्य आहे. प्रामुख्याने तरुण मुलग्यांमध्ये, बहुधा दुसऱ्या डोसनंतरच्या काही दिवसांत. प्रमाण कमी आहे, आणि बहुतेक जण बरे झाले. तरी अमेरिकेच्या औषध खात्याने जून २०२१ मध्येच माहितीपत्रकात तसा इशारा घातला. कोव्हिशील्डचाही स्वतःचा एक धोका आहे. रक्तात गुठळ्या होणं आणि त्याबरोबर प्लेटलेट उतरणं. तो अतिशय दुर्मीळ आहे, आणि दिसला तर बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. मूळ कंपनी अ‍ॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात हे मान्य केल्याच्या बातम्या २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये आल्या, तेव्हाही आपल्याकडे अशीच घबराट झाली होती.

तरुण माणसं अचानक जातात, त्याचा अभ्यास आपल्याकडेही झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२३ मध्ये ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाच्या अशा मृत्यूंची पाहणी केली. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. धोका वाढलेला दिसला तो कोरोनाने रुग्णालयात राहावं लागलेल्यांत, घरात आधी कुणी असं अचानक गेलेलं असेल तिथे, आणि मद्यपान किंवा अचानक फार जोराचा व्यायाम अशा गोष्टींत.

मी हे सांगत होते तेव्हा काकूंचे हात थांबले. जरा वेळाने त्या म्हणाल्या, “याचे बाबापण असेच गेले होते. बेचाळीसचे होते.”

मी डॉक्टर नाही. मुलगा कशाने गेला, हे मी सांगू शकत नाही आणि सांगितलंही नाही. पण एवढं नक्की कळलं की सगळा दोष लसीवर टाकला, म्हणून घरातली ती दुसरी गोष्ट कुणाच्या मनातच आली नव्हती. काकूंना धाकटा मुलगा आहे. पुढच्याच आठवड्यात त्याची हृदयाची तपासणी झाली. रक्तदाब जास्त निघाला, गोळ्या सुरू झाल्या. नातीचा डोसही झाला. गोवराच्या लसीचा एमआरएनएशी काहीही संबंध नाही, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला गोवराची साथ आली तेव्हा काय झालं, ते आपण बातम्यांत पाहिलं आहे.

आपल्या बायकांचा आणखी एक प्रश्न असतो, आणि तो मला रास्त वाटतो. लसीत काय असतं? कोव्हॅक्सिनच्या वेळी वासराच्या सीरमवरून गदारोळ झाला. पेशी वाढवताना ते वापरतात, अंतिम लसीत ते उरत नाही, असा खुलासा आरोग्य मंत्रालयाने जून २०२१ मध्ये केला. फ्लूच्या कित्येक लसी कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. एमआरएनए बनवायला मात्र अंडंही लागत नाही आणि प्राण्याच्या पेशीही लागत नाहीत. त्याचा साचा जिवाणूंत वाढवतात, पुढचं काम काचेच्या भांड्यात रसायनांनी होतं. चाचण्या प्राण्यांवर झाल्याच, त्यामुळे ती निर्दोष म्हणता येणार नाही. पण ज्या लसीला आपण सगळ्यात जास्त घाबरतो, तीच या एका बाबतीत आपल्या प्रश्नाच्या जरा जवळ येते. कोणतीही लस घेताना डॉक्टरांना हे विचारायला लाजू नका.

आपल्याकडे अनेकांत शिकवतात. पुष्कळ जणी त्याचा अर्थ ‘तुमचंही खरं, आमचंही खरं’ असा लावतात. पण ‘स्यात्’ म्हणजे ‘कोणत्या अपेक्षेने’ ते सांगून बोलणं. ‘लस वाईट’ हे अपुरं वाक्य आहे आणि ‘लस चांगली’ हेही अपुरंच. कोणती लस, कुणाला, किती जणांत, किती दिवसांत, हे जोडलं की वाक्य पुरं होतं.

आणि सत्याणुव्रताच्या अतिचारांत पहिलाच मिथ्योपदेश येतो, हे दशलक्षणात उत्तम सत्याच्या दिवशी आपण दरवर्षी ऐकतो. पूर्वी चुकीचा उपदेश द्यायला कुणाच्या दारापर्यंत जावं लागे. आता अंगठा लावला की तो शंभर घरी पोचतो, आणि त्या शंभरांत एखादी अशी आई असते. म्हणून आमच्या ग्रुपने आता एक नियम धरला आहे. औषधाची किंवा लसीची गोष्ट आली, तर पाठवणारीने वर तिचं नाव, देश आणि तारीख लिहायची. लिहिता येत नसेल तर पाठवायची नाही. पहिल्या महिन्यात ग्रुप बराच शांत झाला.

तुमच्या घरातल्या सगळ्यांची सर्टिफिकेटं एकदा काढून पाहा, आणि मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाजवळ ठेवा.

जय जिनेंद्र.