आमची अक्षरं 'असामान्य' कोणी ठरवली?

बिद्री परिसरातल्या मुलांचे जातीचे दाखले, शाळेचे जुने उतारे आणि जयंतीच्या स्मरणिका स्कॅन करून जपण्याचं काम आम्ही करतो. फाइलींना नावं मराठीतच देतो. कारण साधं आहे. मराठीत 'कांबळे' एकच. रोमनमध्ये त्याची दोन-तीन स्पेलिंगं होतात आणि ऐन पडताळणीच्या वेळी फाइल सापडत नाही.

फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवायला आम्ही 'गिट' वापरतो. त्याच्याकडे यादी मागितली, की 'भीम'च्या जागी पडद्यावर येतं : \३४०\२४४\२५५\३४०\२४५\२००\३४०\२४४\२५६. पोरं म्हणतात, "दादा, फाइल खराब झाली. इंग्रजीतच नाव देऊया."

मित्रांनो, फाइल शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. भ, दीर्घ वेलांटी आणि म मिळून नऊ बाइट. गिट तेच नऊ बाइट अष्टमान आकड्यांत छापतं, कारण त्याची मूळ सेटिंग आस्कीबाहेरच्या बाइटना 'असामान्य' मानते. आस्की हे १९६३ चं अमेरिकन प्रमाण. पण १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली. मग आजही आम्ही असामान्य कसे?

प्रत्येक बंधन अन्यायाचंच असतं असं नाही. फाइलच्या नावात नवी ओळ घुसली तर एक फाइल दोन वाटते. मोकळी जागा असली तर आज्ञा एका नावाची दोन नावं समजते. म्हणून २०१६ पासून लिनक्सवरची 'एलएस' आज्ञा अशी नावं अवतरणचिन्हांत दाखवते. तिथे धोका खरा आहे, म्हणून संरक्षण योग्य आहे. 'भ' अक्षरात कसला धोका? धोका पाहून केलेला नियम आणि आपल्याला बाहेरचे धरून केलेला नियम, यांतला फरक ओळखायला आपण शिकलं पाहिजे.

उपाय एका ओळीचा आहे. गिटच्या कॉन्फिगमध्ये 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' करा. 'भीम' जसंच्या तसं दिसेल. यादी दुसऱ्या प्रोग्रामला द्यायची असेल तर 'झेड' हा पर्याय वापरा. त्यात नावं शून्य बाइटने वेगळी होतात, आणि तो बाइट कुठल्याच फाइलच्या नावात येऊ शकत नाही.

परदेशात शिकलेल्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' मराठीत काढलं. राजर्षी शाहूंनी त्याला आर्थिक मदत केली. आपल्या माणसांपर्यंत पोचायचं तर त्यांच्याच भाषेत, हा त्यामागचा विचार होता. यंत्र अडखळलं म्हणून आपण आपली नावं का बदलायची? सेटिंग बदला.

जय भीम!