ओके दाबल्याशिवाय जात नसे

मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं, तरी २००५ साली किन्हवलीत आम्ही मेसेज पाठवत होतो. तेही एकाच खोलीत बसून.

कॉम्प्युटर क्लासमध्ये दहा मशीन होती. सगळ्यांच्या केबल एका डबीत, म्हणजे स्विचमध्ये, जायच्या. मशीनवर विंडोज २०००. काळी खिडकी उघडायची, ‘नेट सेंड’ लिहायचं, पुढे समोरच्या मशीनचं नाव, पुढे मजकूर, आणि एंटर. त्या मशीनवर लगेच राखाडी चौकट उगवायची: कोणत्या मशीनकडून कोणत्या मशीनला, तारीख, वेळ, मजकूर. खाली एकच बटण, ओके. उत्तर द्यायला त्या चौकटीत जागाच नव्हती. द्यायचं तर स्वतः काळी खिडकी उघडा आणि पहिल्यापासून लिहा. मराठी लिहायचो, पण इंग्रजी अक्षरांत.

नावाच्या जागी स्टार टाकला की मेसेज सगळ्यांना. ही आमची दवंडी. खरं तर ही सोय त्यासाठीच होती. सर्व्हर बंद होणार आहे, काम आटपा, असं ऑफिसातल्या सगळ्यांना एकदम कळवायला. युनिक्सवर याच कामाची ‘वॉल’ नावाची आज्ञा आजही आहे. आमच्याकडे सर्व्हर नव्हता, लोडशेडिंग होतं. वेळ जवळ आली की सर स्टार टाकून पाठवायचे, ‘लाइट जाणार, सेव्ह करा’. दहा जणांच्या खोलीत नुसतं ओरडले असते तरी भागलं असतं! पण सरांना ते आवडायचं, आणि आम्हालाही.

बाहेरच्या जगात तोवर या दवंडीचा बाजार झाला होता. २००२-०३ च्या सुमारास जाहिरातवाल्यांच्या लक्षात आलं, की इंटरनेटला जोडलेलं मशीन उघडं असेल तर त्यावरही ही चौकट उगवता येते. लोक कामात, आणि मध्येच स्क्रीनवर कसली तरी जाहिरात. त्यात या सेवेत सुरक्षेची एक मोठी फटही सापडली. २००४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ती मुळातूनच बंद ठेवली, आणि पुढे व्हिस्टात ती उरलीच नाही. आमच्या मशीनना इंटरनेटच नव्हतं. त्यामुळे जाहिराती आल्या नाहीत, आणि दुरुस्त्याही आल्या नाहीत.

नऊ नंबरच्या मशीनवर एक मुलगी बसायची. पाड्यावरून चालत यायची. पहिल्या आठवड्यात तिने काहीतरी विचारलं, तिच्या बोलीवर मागची पोरं हसली, आणि त्यानंतर तिचा आवाज आम्ही ऐकला नाही. पण तिची बोटं भराभर चालायची. नेट सेंड शिकवलं त्या दिवसापासून तिच्या शंका सरांच्या मशीनवर येऊ लागल्या. सर तिचं नाव न घेता, फळ्यावर, सगळ्यांनाच उत्तर द्यायचे. निम्म्या शंका आमच्याही असायच्या, विचारायची हिंमत तेवढी नव्हती.

फीचा दुसरा हप्ता दिवाळीआधी होता. त्या दिवशी सरांच्या मशीनवर मी हजेरी भरत होतो, सर मागे उभे. चौकट आली: ‘सर फी भात विकल्यावर देऊ का’. फीबद्दल बोलायचं तर एरवी सगळ्यांसमोर टेबलापाशी उभं राहावं लागे. मी मागे पाहिलं. सर हळूच म्हणाले, “लिही, चालेल.”

मी नऊ नंबरला ‘चालेल’ पाठवलं. तिने वाचलं, ओके दाबलं, चौकट गेली. वर सरकवून जुने मेसेज बघायची सोय त्यात नव्हती. खोलीत कुणी मान वळवली नाही. सगळे एक्सेलमध्ये बेरीज करत होते.

दिवाळीनंतर ती आली, घड्या घातलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. सरांनी मोजल्या, पावती फाडली. ती नऊ नंबरवर जाऊन बसली. थोड्या वेळाने सरांच्या मशीनवर चौकट आली: ‘बेरीज चुकते आहे’.