हलकी की टिकाऊ?

वाचकहो, आमच्या पिंगुळीत बर्फ पाहायचा तर तो मासळीच्या खोक्यातच. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांसाठी आणि चित्रकथीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात मी गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवतो. ताप, खोकला, पावसाळ्यात लेप्टोची धास्ती आणि बारमाही गुडघेदुखी हा माझा रोजचा व्यवहार. त्यामुळे गेल्या दिवाळीत कॅल्गरीहून मुलीने फोनवर विचारले, "बाबा, स्की हलकी घेऊ की टिकाऊ?" तेव्हा मी क्षणभर निरुत्तर झालो. प्रश्न केवळ खरेदीचा नव्हता. जानेवारीत याच खेळात तिच्या उजव्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला होता आणि त्यावर शस्त्रक्रिया झाली होती.

तिच्या खेळाला फ्रीस्टाईल स्कीइंग म्हणतात. उतारावरून नुसते घसरत येणे नव्हे, तर उंचवट्यावरून हवेत झेप घेऊन गिरक्या मारणे आणि लोखंडी पाइपांवरून तोल सावरत सरकणे. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये हा खेळ केवळ प्रदर्शनापुरता होता. १९९२ मध्ये त्याला पहिल्यांदा पदके मिळाली आणि २०१४ मध्ये सोची येथे हाफपाइप व स्लोपस्टाईल हे प्रकार आले. शिकायला गेलेली आमची मुलगी तिथे या खेळाच्या नादी लागली.

स्कीच्या पोटात लाकडाचा गाभा असतो. आमच्या सावंतवाडीची खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होत, हे आपणांस ठाऊक असेल. तसेच हलके लाकूड गाभ्यात वापरले की स्की हवेत सहज वळते आणि दिवसभर पायांना भार होत नाही; मात्र कडक बर्फावर ती थरथरते. मेपलसारखे जड लाकूड आणि कडेला जाड पोलादी पट्टी असलेली स्की वेगात स्थिर राहते, पाइपावरचे आघात सोसते; पण तिला हवेत फिरवायला अधिक बळ लागते. एका स्कीमागे फरक तीनचारशे ग्रॅमचा. पायाच्या टोकाशी, लांब दांड्यावर, तो फरक कितीतरी मोठा जाणवतो.

माझ्या आईने मागून फर्मावले, "पुरे झाला गो आता बर्फ!" माझ्याही मनात तेच होते. पण बापाच्या तोंडून निघाले ते वेगळेच : "टिकाऊ घे. मोडणार नाही अशी."

फोन ठेवल्यावर मला तिचे शाळेचे बूट आठवले. दुसरीत असताना मी तिला दोन मापे मोठे, जाड तळव्याचे बूट घेऊन दिले होते. दोन वर्षे टिकावेत, हा हिशेब. बूट टिकले, पोरीच्या टाचा सोलून निघाल्या आणि ती त्या वर्षी खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसून राहिली. डॉक्टर असूनही ते मला दोन महिन्यांनी कळले. वस्तू टिकावी म्हणून मी मुलीचे पाय झिजवले होते. आताही मी स्की मोडण्याचीच चिंता करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि या वेळी सल्ला देण्याऐवजी प्रश्न विचारले. या हंगामात पाइपांवर जाणार आहेस का? "नाही, यंदा नाही. छोट्या उड्याच." मग जाड पट्टीची गरज तूर्त उरली नव्हती. संध्याकाळी पाय थकतात का? "उजवा लवकर थकतो." थकलेला स्नायू गुडघ्याला वेळेवर आधार देत नाही, म्हणजे वजन कमी असणे तिच्या बाजूचे होते. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने झाले का, आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरते का? नऊ महिने उलटले होते. ताकद अजून शहाऐंशी टक्के होती.

वाचकहो, त्या आकड्यापाशी आम्ही दोघेही गप्प झालो. हलकी की टिकाऊ या प्रश्नाचे उत्तर स्कीच्या दुकानात नव्हते. ते तिच्या मांडीच्या स्नायूत होते.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड पडताना वेळेवर सुटावी लागते. तिचा ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवतात. तिथे वजन चोरू नये, कौशल्य फुगवून सांगू नये. सुटणाऱ्या पकडीमुळे नडगीची मोडतोड पुष्कळ कमी झाली. एसीएलला मात्र तिने तितकेसे वाचवलेले नाही. मागे बसत पडताना स्कीचे शेपूट तरफेसारखे काम करते आणि गुडघा पिळवटते. म्हणून घसरत असतानाच उठण्याची धडपड करू नये. थांबेपर्यंत पडून राहावे. हे नियम स्की हलकी असो वा जड, बदलत नाहीत.

तिने सहा आठवडे आणखी व्यायाम केला, ताकद त्र्याण्णव टक्क्यांवर आली, फिजिओथेरपिस्टने उड्यांच्या चाचण्या घेऊन होकार दिला, आणि मग तिने हलकी जोडी घेतली. दोनेक हंगामांत तिच्या कडा झिजतील. झिजोत.

आपल्या घरात स्की नसेल. पण क्रिकेटची बॅट, सायकल, दप्तर आणि बूट असतीलच. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती "पुढे उपयोगी पडेल" म्हणून दिलेली जड बॅट त्याच्या मनगटावर आणि कोपरावर भार टाकते. सायकलवर बसून पाय जमिनीला टेकत नसतील, तर ती कितीही मजबूत असली तरी त्याच्यासाठी नाही. मूल आज किती वजन पेलते, ते आधी पाहावे. वस्तू किती वर्षे चालेल, हे नंतर.

कॅल्गरीत शनिवारची संध्याकाळ होते तेव्हा पिंगुळीत रविवारची पहाट असते. हिवाळ्यात त्या वेळी मी अंगणात चहा घेऊन बसतो, फोन जवळ ठेवतो. "उतरले, पाय ठीक" एवढाच तिचा निरोप येतो. तोपर्यंत चहा बहुधा निवलेला असतो.