घरची सरकी

लग्नाची बोलणी निघाली म्हणजे आमच्या वऱ्हाडात अजूनही पहिला प्रश्न घराण्याचा असतो. मनात पगाराचा असला तरी तोंडाने आधी विचारला जातो तो घराण्याचाच. माझे आबाजी हा प्रश्न सरकीलाही विचारीत. तेल्हाऱ्यास आमचे वावर गावाच्या दक्षिणेस, जेथे सातपुड्याकडची गोड्या पाण्याची जमीन संपून पूर्णेकडचा खारपाणपट्टा सुरू होऊ लागतो, त्या बाजूस आहे. कोणा शेजाऱ्याने उसनी सरकी देऊ केली, तर ती कोणत्या वावरातली, कितव्या वेच्याची आणि रेचली कोठे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून आबाजी तिला हात लावीत नसत. माझ्या आत्याचे स्थळ पाहताना सुद्धा त्यांनी इतकी चौकशी केली नव्हती, असे आजी पुढे पुष्कळदा म्हणत असे.

बियाणे निवडणे हे काम मात्र पुरुषांचे नव्हे. सीतादही होऊन पहिला वेचा निघाला, की दुसऱ्या वेच्याच्या सुमारास आजी एकटीच वावरात फिरे आणि मनास येईल त्या पऱ्हाटीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून येई. त्या पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या बायका वेगळ्या ओटीत घेत. तो जिनात कधी जात नसे. आजीच्या ऐन उमेदीत तो घरच्या हातरेच्यावर रेचला जाई; माझ्या लहानपणी तो हातरेचा अडगळीत गेला होता, तरी निवडीच्या कापसातील सरकी दुपारी बसून बोटांनी काढलेली मी पाहिली आहे. मग ती राखेत घालून मडक्यात ठेवायची आणि मृग जवळ आला म्हणजे शेणमातीचा काला करून बाजेच्या विणीवर चोळायची. त्यामुळे सरकीवरची लव बसते आणि दाणा सरत्यातून अडखळल्यावाचून खाली उतरतो.

जिनाविषयीचा हा संशय खुळचट नव्हता. वऱ्हाडचा कापूस ‘उमरावती’ या नावाने साऱ्या जगाच्या बाजारात ओळखला जाई. तो नेण्यासाठी लोहमार्ग आले, खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करण्यास १८७० साली प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. परंतु वाफेच्या जिनात दहा गावांचा कापूस एकत्र पडे आणि निघालेली सरकी कोणाची कोण, हे ब्रह्मदेवासही सांगता येत नसे. या भेसळीस आळा घालण्याकरिता सरकारला १९२३ साली कापसाच्या वाहतुकीवर आणि १९२५ साली जिन-प्रेसांवर कायदे करावे लागले. आजीने यांतला एकही कायदा ऐकला नव्हता. तिचा कायदा मडक्यात होता.

पुढे आमच्याकडे संकरित कापूस आला. सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली तयार केलेला ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीस आलेला जगातील पहिला संकरित कापूस होय. त्याचे बी हातांनी घडवावे लागते. मादी म्हणून निवडलेल्या वाणाच्या उमलू घातलेल्या फुलांतील पुंकेसर संध्याकाळी खुडायचे आणि दुसऱ्या सकाळी नर वाणाचा पराग त्या प्रत्येक फुलास लावायचा. असे महाग बियाणे बाबांनी कर्ज काढून पेरले, आणि पीक असे आले की गावातील माणसे पाहण्यास येत. सहाजिकच पुढल्या मृगात, म्हणजे १९८४ साली, बाबा म्हणाले, “घरची सरकी हाये, एक वर्स पाहून तं घेऊ.” आजीने सर्वांत उत्तम पऱ्हाट्यांना चिंध्या बांधल्या होत्याच.

मी तेव्हा नववीत होतो. भाद्रपदात ते वावर जत्रेतल्या गर्दीसारखे दिसू लागले. एक पऱ्हाटी कमरेइतकी, तिच्या शेजारची डोक्यावरून जाणारी. एकीला पाते लवकर लागलेले, तर दुसरी दसऱ्यापर्यंत नुसती पानांनीच माजलेली. बोंडे लहानमोठी, धागा आखूडलांब. कापूस निम्म्यावर आला आणि त्याला भावही मिळेना. थोरल्या बहिणीचे ठरू घातलेले लग्न एक वर्ष पुढे गेले. बाबांनी दोष प्रथम पावसाला दिला, मग नशिबाला, आणि एके रात्री जेवताना आजीच्या निवडीला दिला. आजी काही बोलली नाही. मात्र त्या वर्षानंतर तिने एकाही पऱ्हाटीला चिंधी बांधली नाही.

अमरावतीस कॉलेजात गेल्यावर इंग्रजी पाठ्यपुस्तकात मला मेंडेल भेटला. ब्रून शहरातील मठाच्या बागेत वाटाणे लावून, मोजून, या धर्मगुरूने १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि १९०० सालापर्यंत त्याकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक गुणासाठी जिवाजवळ दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची व एक बापाकडची. पुढल्या पिढीस देताना तो त्यांतली एकच देतो. कोणती, ते दैवाधीन. उंच व बुटक्या वाटाण्यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सारेच उंच होतात, कारण उंचीची चिठ्ठी बुटकेपणाच्या चिठ्ठीस झाकून टाकते. पण नाहीशी ती करीत नाही. दुसऱ्या पिढीत चिठ्ठ्या पुन्हा पिसल्या जातात आणि चारांत एक बुटका निघतो. या चिठ्ठ्यांस आपण आज जनुके म्हणतो. ती गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात आणि डी.एन.ए. नावाच्या चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असतात.

संकरित कापसाचे सारे इंगित यात आहे. दोन शुद्ध वाणांचा संकर केल्यामुळे पिशवीतील प्रत्येक दाण्यास एकसारखी जोडी मिळते, म्हणून वावर एकसारखे दिसते. आणि वेगळ्या घराण्यांच्या जोडीतून एक विशेष जोमही येतो. पुढल्या पिढीत ही जोडी फुटते. कापसाचे उत्पन्न, उंची, धाग्याची लांबी हे गुण एका जनुकाचे नव्हेत, अनेकांचे मिळून आहेत. म्हणून तेथे वाटाण्यासारखे स्वच्छ तीनास एक प्रमाण दिसत नाही, आमच्या वावरासारखी जत्रा दिसते. आजीने निवडलेली पऱ्हाटी उत्तमच होती. पण तिचे उत्तमपण जोडीत होते, आणि जोडी सरकीत उतरत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी हे आजीला ताटलीत वाटाणे मांडून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग हे तुह्या बाबाले काऊन नाही सांगत?” मी ते बाबांना सांगितले नाही. इंग्रजीत शिकलेली गोष्ट बापाला वऱ्हाडीत सांगण्यास जे एक धैर्य लागते, ते माझ्यापाशी नव्हते. आणि आईवर केलेला आरोप परत घ्या, असे बापाला सांगण्याचे तर मुळीच नव्हते. पुढे आजी गेली, काही वर्षांनी बाबाही गेले.

मी वनस्पतिशास्त्र शिकवू लागलो आणि कापसाची कुळकथा माझ्या अध्यापनाचा आवडता भाग होऊन बसली. आमच्या गावरानी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. म्हणूनच या दोघांचा संकर सहसा फळास येत नाही. परंतु अमेरिकन कापसाच्या त्या ५२ पैकी २६ आपल्याच गावरानीच्या नात्यातली निघाली! दहा-वीस लाख वर्षांपूर्वी केव्हातरी जुन्या जगातील एका कापसाचा नव्या जगातील एका रानकापसाशी संयोग होऊन त्याचे कूळ सुरू झाले. गुणसूत्रे पाहून शास्त्रज्ञांनी बांधलेला हा अंदाज पुढे समग्र जनुकसंच वाचल्यावर पक्का ठरला. गावरानीची सुमारे १७० कोटी अक्षरे २०१४ साली वाचून झाली आणि अमेरिकन कापसाची २०१५ साली. आबाजी ज्याला आयुष्यभर ‘विलायती’ म्हणून नाके मुरडीत, तो वास्तविक दूरचा भाऊबंद होता. भाऊबंद म्हटल्यावर त्यांनी नाक अधिकच मुरडले असते, ही गोष्ट वेगळी.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसास सरकारी मान्यता मिळाली. जमिनीतील एका जंतूचे, बोंडअळीस विषारी असे द्रव्य बनविणारे जनुक कापसाच्या जनुकसंचात बसविले गेले. २००६ पासून तशा दोन जनुकांचे वाण आले. चीनमध्ये हे जनुक मुख्यतः सरळ वाणांत दिले गेले, ज्यांचे बी घरी ठेवता येते. आपल्याकडे ते संकरित वाणांत आले. गंमत अशी की २००१ सालच्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे. संसदेने दिलेला हा हक्क संकरित सरकीपुरता मेंडेलने काढून घेतलेला आहे, असे मी वर्गात म्हणतो आणि मुले हसतात.

त्या हसण्यामागची गोष्ट मात्र हसण्याजोगी नाही. संकरित पऱ्हाटीजवळ या दोन्ही जनुकांची सामान्यतः एकेकच प्रत असते. म्हणजे तिच्या बोंडात तयार होणाऱ्या सरक्या ही दुसरी पिढी होय, आणि चिठ्ठ्या तेथेच पिसल्या जातात. सोळांत नऊ सरक्यांत दोन्ही जनुके, सहांत एकच, आणि एकीत एकही नाही. बोंडात पंचवीस-तीस सरक्या धरल्या, तर त्यांत एकदोन अगदी निर्विष. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकी खाऊन जगते. कमीअधिक विषाचे असे वाढलेले ताट तिच्यापुढे आपणच ठेवले, आणि विष पचविणाऱ्या अळ्यांची निवड होत गेली. आजी पऱ्हाटी निवडीत असे, तशी.

यावर तोड म्हणून पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगरबीटी सरकीची पुडी मिळे. ती कडेने पेरली तर तेथे साध्या अळ्या वाढतात. विष पचविणारी विरळ अळी त्यांच्याशी जुगते, पिलांजवळ प्रतिकाराची एकच चिठ्ठी उरते आणि ती पिले बीटी कापसावर मरतात. माझा धाकटा भाऊ शेती पाहतो. त्याला मी हे सांगू लागलो. तो म्हणाला, “माणसाले भेटत नाही दादा, अन् अळीले राखीव वावर?” मी पुन्हा समजावून द्यायला हवे होते. पण मला अमरावतीची बस गाठायची होती, आणि पुडी गुरांच्या आंबोणात गेली. एकट्या आमच्या पुडीने काही वाचले असते असे नाही. बहुतेकांच्या पुड्या तशाच गेल्या. २०१० साली गुजरातेत पहिल्या जनुकास न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्या आढळल्याचे जाहीर झाले होते, आणि २०१७ साली विदर्भातील बोंडे आतून किडली. त्या हिवाळ्यात मी भावाबरोबर धुऱ्यावर बसून बोंडे फोडीत होतो. बाहेरून हिरवे, टपोरे. आत कुजका लोंबा आणि एक गुलाबी, बोटाच्या पेराहून लहान किडा. भाऊ मला काही बोलला नाही. आमच्या घरातील माणसे अशा वेळी बोलत नाहीत.

जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोट तालुक्यात अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशकास दाद न देणारा, मान्यता नसलेला कापूस उघडपणे पेरून सत्याग्रह केला. भाऊ तेथे गेला होता. परत आल्यावर त्याने मला विचारले, “तू कोणाकडून?” मी म्हणालो की बियाणे निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास हवे, पण न तपासलेले बियाणे कोणी विकू नये. असे उत्तर प्राध्यापकच देऊ शकतो, असे तो म्हणाला. ते खरेच होते.

अलीकडे बीटी जनुक सरळ वाणांतही आणले गेले आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘रजत’ हा वाणही त्या रूपात मिळू लागला. शुद्ध वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, म्हणून प्रत्येक सरकीत ते उतरते आणि बी घरी ठेवता येते. गेल्या वर्षी भावाने असा सरळ वाण एक एकर पेरला आणि दुसऱ्या वेच्याला मला मुद्दाम बोलावून घेतले. “तू शिकवतं नं, आता निवडून दे,” म्हणाला. मी पानाचा तुकडा कुपीत चुरून कागदाच्या पट्टीवर जनुकाची रेघ उमटते की नाही, एवढे पाहू शकत होतो, आणि ते पाहिले. सगळ्याच पऱ्हाट्यांवर रेघ उमटली. आता यांतली कोणती घ्यावी, हे पट्टी सांगत नव्हती.

आई ऐंशीच्या घरात आहे. काठी टेकीत ती मागून आली तेव्हा मी धुऱ्याजवळच्या एका पऱ्हाटीला चिंधी बांधीत होतो. एवढी भरदार पऱ्हाटी साऱ्या एकरात दुसरी नव्हती. चाळीसएक बोंडे तर मी स्वतः मोजली होती. आईने तिच्या बुडाशी पाहिले, शेजारच्या उकिरड्याकडे पाहिले आणि म्हणाली, “हे नको. हे उकिरड्याच्या जोरावर माजली. अन् बांधाकडची तशीही घेऊ नाही, बिघडते. मंधातली पाहा.”

बांधाकडची बिघडते, कारण शेजारच्या वावरातील पराग मधमाश्या प्रथम तेथे आणतात. आणि खताने आलेले देखणेपण सरकीत उतरत नाही, हे योहान्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने घेवड्यावर प्रयोग करून १९०३ साली सिद्ध केले. ‘जीन’ हा शब्दही त्याचाच, १९०९ चा. त्याच्यावरचे व्याख्यान मी सव्वीस वर्षे देत आलो आहे.

आई वावराच्या मध्यावर जाऊन उभी राहिली होती. तेथील जमीन हलकी, सगळ्याच पऱ्हाट्या बेताच्या. त्यांतल्या एकीची बोंडे तिने एकेक करून दाबून पाहिली. मी धुऱ्याकडची चिंधी सोडली आणि नेऊन तिच्या हातात दिली.