३१ ऑक्टोबरचं अप्रेझल

तुमचं अप्रेझल मार्चमध्ये होतं, माझं ३१ ऑक्टोबरला. फ्रीलान्सरला कोण बॉस आणि कसलं अप्रेझल, असं म्हणाल. पण हिमाचलच्या नद्यांमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट मासा पकडायला बंदी असते. थंडीत मासे अंडी घालतात, त्यांना डिस्टर्ब करायचं नाही, एवढा साधा फंडा. त्यामुळे फ्लाय फिशिंगचं वेड लागलेल्यांचं वर्ष ऑक्टोबरबरोबर संपतं. रॉड पुसून कव्हरात जातो आणि आपण हिशेब मांडायला बसतो.

तर यंदाचे आकडे असे. तीर्थन खोऱ्यात दोन ट्रिपा, एप्रिलमध्ये पाच दिवस आणि ऑक्टोबरमध्ये चार. पकडलेले मासे चार. झाडांनी पकडलेल्या फ्लाय सतरा.

हे झाडांचं प्रकरण काय ते सांगते. फ्लाय म्हणजे छोट्याशा आकड्यावर कोंबड्याची, मोराची पिसं दोऱ्याने बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे नेहमीच्या गळासारखा तो भिरकावता येत नाही. वजन असतं दोरीला. रॉडने ती दोरी आधी मागे, मग पुढे, हवेतल्या हवेत उलगडायची, की टोकाचा किडा अलगद पाण्यावर उतरतो. व्हिडिओत हे कवितेसारखं दिसतं. प्रत्यक्षात मागे झाड असतं.

तीर्थनला जायचं तर चंदीगडहून मंडी, मग औटच्या लांबलचक बोगद्यात न शिरता त्याच्या अलीकडेच बंजारकडे वळायचं. नदी उगम पावते ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. पाणी एवढं गार की पाय पाच मिनिटांत आपले राहत नाहीत. ट्राउटला हेच हवं असतं. गंमत म्हणजे हा मासा मूळचा इथला नाहीच. ब्रिटिशांनी १९०० मध्ये ब्राउन ट्राउट स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आणला आणि १९०९ मध्ये तिथून तो कुलूत आला. म्हणजे तोही आपल्यातल्या अनेकांसारखाच, परगावी येऊन सेटल झालेला!

कागदावर सीझन आठ महिन्यांचा असतो. पण मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने गढूळ होते. उरतो सुरुवातीचा मार्च-एप्रिल आणि शेवटचा सप्टेंबर-ऑक्टोबर. नेमक्या तेव्हाच दिवाळी अंकांच्या डेडलाइन्स. त्यात माझा गाइड पन्नाशीचा आणि जाम शांत. पहिल्या दिवशी त्याने मला तासभर रॉडला हातच लावू दिला नाही. पाण्यातला एकेक दगड उलटा करून खाली चिकटलेले किडे दाखवत राहिला. "पहले नदी का मेन्यू देखो, मॅडम." त्या आठवड्यात नदीत जो किडा असेल, त्याच्यासारखीच फ्लाय लावायची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, वरून वाहत येणाऱ्या खाण्याची वाट बघत उभा असतो. म्हणून आपण त्याच्या मागून, प्रवाहाच्या उलट दिशेने जायचं. तेही चोरपावलांनी.

एप्रिलमध्ये तीन मासे मिळाले. तिन्ही मी ओल्या हातात धरले, आकडा काढला आणि पाण्यात सोडून दिले. मग हौसेने आजीला फोन केला. आमचं घर मालवणचं. आजी क्षणभर गप्प आणि मग, "सोडलंस? मगे धरलंस कित्याक?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. 'स्पोर्ट', 'कॉन्झर्वेशन' वगैरे शब्द तोंडात आले होते, पण ते मालवणीत बसेनात. खेळ म्हणून कुणाला तरी दमवायचं आणि नंतर उदारपणे सोडून द्यायचं, यात आपण कितीसे थोर?

ऑक्टोबरमध्ये तिसऱ्या दिवशी चौथा मासा लागला. मी आकड्याचा काटा पक्कडीने दाबून सपाट करते, म्हणजे मासा सहज सुटतो. पण हा आकडा कल्ल्यात रुतला होता आणि रक्त थांबत नव्हतं. असा मासा सोडला तरी बहुतेक वाचत नाही. गाइडने मोजपट्टी लावली. नियमाप्रमाणे ठेवता येईल एवढा होता. मग त्याने काही न बोलता एक गोल दगड माझ्या हातात दिला.

जन्मभर बांगडे, सुरमई, पापलेटांवर ताव मारलाय मी. पण जिवंत मासा स्वतःच्या हाताने मारायची वेळ पहिल्यांदाच आली. एकच फटका, डोक्यावर, जोरात. नंतर बराच वेळ हात थरथरत होता. रात्री तो मासा मोहरीच्या तेलात तळला. त्यातलं इतकंसंही ताटात टाकायची माझी हिंमत झाली नाही.

आजीला परत फोन केला. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "जेवलंस मा?" मग सीझन आता मार्चपर्यंत बंद, कारण मासे अंडी घालतात, असं सांगितलं, तेव्हा तिला ते लगेच पटलं. आपल्याकडे जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मासेमारीला निघतात. थांबायचं कधी, हे तिला शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या सीझनचं टार्गेट मी बदललंय. दिवसाला नियमात बसणारा एक मासा. तो खायचा आणि त्या दिवसापुरता रॉड मिटायचा. आकडा वाढवायला आणखी दहाजणांना दमवायचं नाही.

तोवर हिवाळाभर घरी बसून फ्लाय बांधायच्या आहेत. सतरांची भरपाई करायचीय. आमचा कोंबडीवाला मात्र हैराण झालाय. मटण-चिकन काही नको, फक्त कोंबड्याच्या मानेची पिसं द्या, असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलंय!