वालाचं बिरडं

आज वाल सोलायला बसले. परवा रात्री भिजवले, काल पंचात बांधले. सकाळी गाठ सोडली तर चांगले अर्धा इंच मोड. कोमट पाण्यात टाकले की चिमटीत दाबल्याबरोबर दाणा सालातून सुळकन निसटतो. पसाभर डाळिंब्या व्हायला तास गेला, पण तो मला आवडतो.

दूध-दही सोडून वर्ष झालं, तरी फोनवर आईचा तोच प्रश्न : "अंगात ताकद कुठून येणार गं?" आई, तुझ्याच डब्यांतून! मटकी, चवळी, कुळीथ, वाल. 100 ग्रॅम कोरड्या कडधान्यात साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असतात. शिजताना कडधान्यं पाणी पिऊन फुगतात, त्यामुळे वाटीभर उसळीतून 7-8 ग्रॅमच पोटात जातात. म्हणून आता उसळ तोंडी लावायला नाही, वाटी भरून घेते. सकाळच्या पोह्यांतही मूठभर मोडाची मटकी पडते. भातात लायसिन कमी, ते कडधान्यात भरपूर. वरण-भाताची जोडी उगाच जमलेली नाही.

बिरड्यात नारळाचं दूध घातलं, दोन आमसुलं, जिऱ्याची फोडणी. वालाचा किंचित कडवटपणा जिभेवर अजून आहे. उद्यासाठी चवळी भिजत घातली.