सहाशे वर्षे टिकले, एका लिलावात गेले

युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे देश आहे. डोंगर, तळी आणि पाइनची जंगले फार, शेतजमीन थोडी. तिथल्या व्हाल्ड्रेस खोऱ्यात तळ्याकाठी वांग नावाचे गाव आहे. इ. स. १२०० च्या सुमारास या गावात एक लाकडी चर्च उभे राहिले.

कुंपणाचा डांब मातीत पुरला की जमिनीलगत कुजतो, हे तुम्ही जाणताच. तिथल्या सुतारांनाही हाच अनुभव आला होता. जुन्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत. ते कुजून जात. मग त्यांनी दगडी पायावर आडव्या तुळया ठेवल्या, त्यांवर खांब उभे केले, खोबणीत फळ्या बसवल्या आणि वरून पाइनचे डांबर दिले. लाकूड मातीपासून सुटले आणि शतकानुशतके टिकले. अशी हजारावर चर्चे त्या देशात असावीत, असा अंदाज आहे. आज उरली आहेत २८.

वांगचे चर्च काही कुजून पडले नाही. वस्ती वाढली, जागा अपुरी पडू लागली. गावाने नवे चर्च बांधले आणि जुने मोडीत काढायचे ठरवले. योहान दाल या नॉर्वेच्या चित्रकाराने ते देशातच राहावे म्हणून खटपट केली, पण कोणी पुढे आले नाही. अखेर १८४१ च्या लिलावात त्याने ते प्रशियाच्या राजासाठी घेतले. खांब न् खांब सुटा झाला, जहाजात चढला. बरेच लाकूड नवे घालून १८४४ मध्ये ते दूरच्या डोंगरात पुन्हा उभे राहिले. ती जागा आज पोलंडमध्ये, कार्पाच गावी आहे. चर्च पाहायला तिथे प्रवासी जातात. वांगला मात्र एक कोरीव शिलालेख तेवढा उरला.

त्याच १८४४ साली दाल व इतरांनी जुन्या वास्तू राखण्यासाठी नॉर्वेत संस्था काढली. बोर्गुंड गावी १८६८ मध्ये नवे चर्च झाले, तेव्हा जुने शेजारीच राहू दिले. १८७७ मध्ये या संस्थेने ते घेतले. ते आजही जागेवर उभे आहे.

म्हणून सांगणे एवढेच, की आपल्या गावातले जुने लाकूडकाम उतरवण्याआधी जाणत्या सुताराला दाखवा. खांबाचा पाय तेवढा कुजला असेल, तर पाय बदलता येतो. विकलेला खांब परत येत नाही.